ध्वजदिन निधीचे पैसे सैनिकांच्या घरी खरंच पोचतात का? मदत करायची तर कुठे करावी?

पोचतात. हा निधी गोळा करणाऱ्या सैनिक कल्याण विभागाच्या साताऱ्यातल्या वसतिगृहात राहून मी शिकलो, म्हणून ठामपणे सांगतो.

१९७१ च्या लढाईत वडिलांचा उजवा पाय सुरुंगात गेला, गुडघ्याखालून. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना पाय मिळाला आणि खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हाताला काम. पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी जवानांसाठी १९१७ साली निघालेली ही संस्था आजही चालू आहे. रात्री पाय उतरवला की आतला मोजा धुवायचं काम माझं. पावसाळ्यात तो वाळायचा नाही. आई चुलीच्या धगीवर धरून बसायची, कारण दमट मोजा घातला की दुपारपर्यंत कातडं सोललंच.

कारगिलनंतर गावात सगळ्या माजी सैनिकांचा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. वडिलांना पिठाची गिरणी घालून देऊ, असं एका पुढाऱ्याने माईकवरून जाहीर केलं. त्या पायाने वडिलांनी त्याच्याकडे दोन वर्षं चकरा मारल्या. गिरणी आली नाही. वर आमचे काका म्हणायचे, "पेन्शन मिळते की, अजून काय पाहिजे?" वडील गप्प बसायचे. मी बसणार नाही. पेन्शन त्यांच्या नोकरीची आणि गेलेल्या पायाची आहे, कुणाचे उपकार नाहीत. ते गिरणी मागत होते ती कष्ट करायला.

म्हणून सत्काराच्या वर्गणीला माझ्याकडून एक रुपया मिळत नाही. जिथे जखमी माणसाला काम शिकवतात किंवा सांभाळतात तिथे द्या: क्वीन मेरीज, नाहीतर खडकीचंच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. कमरेखाली लुळे झालेले जवान तिथे वर्षानुवर्षं राहतात.

ध्वजदिन ७ डिसेंबरला असतो, १९४९ पासून. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पैसे वर्षभर घेतात. पावती मागून घ्या. हा निधी भूदल, नौदल, हवाईदलाचा आहे. सीआरपीएफ, बीएसएफच्या शहीद जवानांच्या घरच्यांसाठी द्यायचं असेल तर केंद्र सरकारचा 'भारत के वीर' निधी वेगळा आहे. आणि हो, काही गावांत सत्कारात कबूल केलेले पैसे देतातही. आमच्या गावात नाही दिले.