इलेक्ट्रिक गाडीने लांबचा पल्ला : वाचकांचे प्रश्न

नागपुरातून इलेक्ट्रिक गाडीने बाहेरगावी निघणाऱ्यांची बरीच पत्रं या वेळी आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांमधलं ‘युनिट’ म्हणजे घरच्या वीजबिलावरचंच युनिट.

प्रश्न : समृद्धी महामार्गाने मुंबईला जायचं आहे. बॅटरी ४५ युनिटची, कंपनी ४८० किमी सांगते. म्हणजे वाटेत एकदाच चार्ज केलं तर पुरेल ना? – एक वाचक, प्रतापनगर

नाही पुरणार. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो आणि त्या चाचणीत सरासरी वेग शहरातल्याइतकाच कमी असतो. समृद्धीवर गाडी तासन्‌तास एका वेगाने पळते, आणि तिथे खरा खर्च हवा कापण्याचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून १२० वर गेलात की वेग २० टक्क्यांनी वाढला, पण विरोध ४४ टक्क्यांनी.

मध्यम आकाराच्या एसयूव्हीला १०० च्या वेगाने दर १०० किमीला साधारण १६ युनिट लागतात, १२० ने २० च्या वर. आता हिशेब करू. निघताना बॅटरी १०० टक्के, प्रत्येक थांब्यावर १५ टक्के उरलेली, तिथे ८० पर्यंत भरायची आणि पुढे निघायचं. १०० च्या वेगाने पहिला टप्पा २४० किमीचा आणि नंतरचे १८० किमीचे पडतात. रस्ता ७०१ किमीचा, म्हणजे तीन थांबे. १२० ने पहिला टप्पा १८५ आणि पुढचे १४० चे, म्हणजे चार थांबे. एक थांबा पाऊण तासाचा धरला तर १२० वाला जेमतेम पंचवीस मिनिटं आधी पोचतो. त्यातला एक चार्जर बंद निघाला की तेही गेलं. आमचं मत विचाराल तर ९५ ते १०० वर क्रूझ (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) लावा आणि डावी लेन धरा.

लोकांना चढाची भीती फार असते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर, पुढे बुलढाण्याचं पठार त्याहून उंच. पण १८०० किलोची गाडी ३०० मीटर वर चढवायला दीडच युनिट जास्त लागतं आणि उतारावर त्यातलं बरंचसं परत मिळतं. गाडी जास्त वीज खाते ती समोरच्या वाऱ्याने. जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे मुंबईकडे जाताना थेट तोंडावर. ताशी २० किमीचा वारा समोरून असेल तर १०० च्या वेगाला १२० एवढा विरोध होतो. त्या दिवसांत टप्पे तीस-चाळीस किमीने आखूड ठेवा.

ॲपमध्ये चार्जर दिसला की तो कोणत्या बाजूचा आहे ते आधी पाहा : मुंबईकडे जाणाऱ्या की नागपूरकडे येणाऱ्या. मधे दुभाजक आहे, पलीकडे जायचं तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन वळून यावं लागतं. कारंजा लाड, मेहकर, जालना अशा इंटरचेंजवरून गावात उतरून चार्ज करायची तयारी असू द्या. शेवटचं चार्जिंग कधी झालं याची नोंद आणि ताज्या प्रतिक्रिया वाचल्याशिवाय ॲपमधल्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. आणि ठरवलेल्या चार्जरवर पोचाल तेव्हा त्याच्या पुढचा चार्जर गाठण्याइतकी बॅटरी उरलेली हवी. हा एक नियम पाळला तर बाकी नियोजन थोडं चुकलं तरी चालतं.

राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात समृद्धीवर या गाड्यांना टोलमाफी आहे. तरी फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. कापले गेलेच तर तक्रार नंतर करता येते, नाक्यावर अडकून राहण्यात अर्थ नाही.

प्रश्न : चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलेलं, गाडीत २८ च जात होते. चार्जरवाला म्हणे गाडी खराब, शोरूमवाला म्हणे चार्जर. – एक वाचक, वर्धा

बहुधा दोन्ही ठीक असतील. आधी चार्जरला दुसरी गन (गाडीत खोचायचा वायरचा प्लग) आहे का आणि तिच्यावर गाडी आहे का ते बघा. बऱ्याच यंत्रांमध्ये दोन गनमध्ये ६० ची वाटणी होते, दोघांना तीस-तीस. शेजारची गाडी निघाली की काही यंत्रं आपोआप पूर्ण ताकद देतात, काहींवर चार्जिंग थांबवून पुन्हा सुरू करावं लागतं.

शेजारी गाडी नसेल तर पडद्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. ३४० व्होल्टची बॅटरी आणि १२५ अँपिअरवर बांधलेला चार्जर असेल तर ४२ किलोवॅटच्या वर जाणारच नाही, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. अँपिअर त्याहूनही कमी असतील तर बॅटरी तापलेली आहे, किंवा ८० टक्क्यांच्या पुढे गेलेली आहे. ८० नंतर गाडीच वेग उतरवते. त्या शेवटच्या २० टक्क्यांना लागणाऱ्या वेळात पुढचा चार्जर गाठून होतो. मागे रांग असताना १०० करत बसणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

प्रश्न : सासुरवाडीला गावात १६ अँपिअरच्या सॉकेटवर चार्जर लावला की लाल दिवा आणि ‘अर्थ फॉल्ट’. घरातला फ्रिज, एसी सगळं चालतं. – एक वाचक, मानेवाडा

फ्रिजला अर्थिंग नसलं तरी तो चालतो, गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासल्याशिवाय सुरूच होत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टीमीटरने तीन मापं घ्यायला लावा : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन २३० च्या आसपास आणि जवळजवळ सारखी हवीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरं वीस-तीस दाखवत असेल तर अर्थिंग गेलेलं आहे. फेज-अर्थ काहीच दाखवत नसेल तर सॉकेटपर्यंत अर्थिंगची तारच आलेली नाही.

आपल्याकडच्या काळ्या मातीत हे उन्हाळ्यात हमखास होतं. जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्यात पुरलेल्या पट्टीची मातीवरची पकड सुटते. खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून चार्जरला फसवायचा जुगाड कोणी सुचवेल. तो करू नका. न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो आणि दार उघडायला जाणाऱ्याला झटका बसतो.

एक्स्टेन्शन लागलंच तर २.५ चौरस मिमी तांब्याची तार, १६ अँपिअरचे प्लग-टॉप, आणि वायरचं भेंडोळं पूर्ण उलगडलेलं. गुंडाळलेली वायर तापून वितळते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर बंद करा, सॉकेटची पकड ढिली आहे. सगळं ठीक असेल तर रात्रभरात, म्हणजे दहा तासांत, बॅटरीत २५ युनिट जमा होतात.

प्रश्न : चिखलदऱ्याच्या घाटात किती बॅटरी लागेल? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

परतवाड्यापासून चिखलदरा ३० किमी आणि चढ सातशे मीटरच्या आसपास. चार माणसं आणि सामान धरून चढाला साधारण चार युनिट, रस्त्याला चार. ४५ युनिटच्या बॅटरीतले १८ ते २० टक्के धरा. अमरावतीला भरून घ्या. परतवाड्यात ६० टक्के असतील तर वर फिरून सुखाने खाली उतरता येतं.

मुक्कामाला वर चार्जिंग मिळालं तर ८५-९० वर थांबवा. बॅटरी पूर्ण भरलेली असली की उतारावर रिजन (वेग कमी करताना मोटरने वीज तयार करून बॅटरीत परत भरणं) काम करत नाही, कारण तयार होणारी वीज ठेवायला जागाच नसते. मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि घाटात ब्रेक तापतात.

प्रश्न : मे महिन्यात एसी बंद ठेवला तर किती किमी वाचतात? – एक वाचक, कामठी

हायवेवर नगण्य. एसी तासाला एक-दीड युनिट घेतो, म्हणजे १०० च्या वेगाने १०० किमीत तेवढंच. खिडक्या उघडल्या तर हवेच्या विरोधात हा फायदा उडून जातो. शहरात रेंगाळत चालताना मात्र एसी जाणवतो. घरून निघण्याआधी, प्लग लावलेला असतानाच गाडी थंड करून घ्या.

४५ अंशांत दुपारी १२० ने पळवलेली गाडी सरळ चार्जरला लावली तर ती आधी बॅटरी गार करते, मग वीज घेते. शेवटचे दहा-पंधरा किमी ८० ने चालवा. पहाटे चारला निघालात तर हा प्रश्नच येत नाही, चार्जरही मोकळे मिळतात.

टायरची हवा घरून निघताना, टायर गार असताना भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो, त्यातला पूर्ण भाराचा घ्या. दोन तासांनी प्रेशर चार-पाच पीएसआय वाढलेलं दिसतं. ते अपेक्षितच आहे, काढू नका. टायरवरचे शेवटचे चार आकडे पाहा : २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झालेला टायर समृद्धीवर नेऊ नये.

प्रश्न : चार्जिंग झालं पण गन निघाली नाही तर? – एक वाचक, हिंगणा

आधी ॲपवरून चार्जिंग बंद करा, गाडी लॉक करून पुन्हा अनलॉक करा, गन थोडी आत दाबून मग ओढा. तरी नाही निघाली तर बहुतेक गाड्यांत हाताने सोडवायची दोरी किंवा खटका असतो, बॉनेटखाली किंवा डिकीच्या अस्तरामागे. नेमकी जागा मॅन्युअलमध्ये असते, घरीच बघून ठेवा. गाडी बंदच पडली तर फ्लॅटबेड (गाडी अख्खी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. पुढची चाकं मोटरला जोडलेली असलेली गाडी दोरी लावून ओढली तर चाकांसोबत मोटर फिरते, वीज तयार होते आणि आतली यंत्रणा जळू शकते.