मेळघाटातली पोरं डी.एल.एड.ला टिकवायची तर

मॅडम, आपल्या डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला, मेळघाटातली पोरं यावीत आणि टिकावीत म्हणून काय करावं, तर ऐका. पत्रकं छापण्यात पैसा घालवू नका. धारणी, चिखलदऱ्याकडच्या आश्रमशाळांत बारावीच्या वर्गाशी बोला, आणि सोबत आपलीच एखादी कोरकू बोलणारी माजी विद्यार्थिनी न्या. तिचं ऐकतील तितकं आपलं ऐकत नाहीत. पालक गाठायचे तर आठवडी बाजाराचा दिवस धरा.

खरी गळती प्रवेशानंतर सुरू होते, आणि तिचं मूळ अभ्यासात कमी, कागदांत जास्त. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणं. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा अर्ज एका कागदापायी अडकला की शिष्यवृत्ती अडकते, मग खोलीचं भाडं थकतं, आणि गावी गेलेली पोरगी परत येत नाही. सुरुवातीलाच एक माणूस फक्त या अर्जांसाठी बसवा. वसतिगृहात नंबर न लागलेल्या आदिवासी मुलांसाठी राहण्या-जेवण्याला पैसे देणारी स्वयम् योजना आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी तशीच स्वाधार. अटी मात्र आधी नीट वाचा.

कापूस वेचणीत हजेरी पडणारच. त्या दिवसांत चाचण्या ठेवूच नका. नोटिशीनं कोणी वावरातून उठून येत नाही बाप्पा!

सराव पाठात कोरकू मुलांना बेरीज कोरकूत समजावू द्या. कोणी कुरकुरलं तर शिक्षण हक्क कायदा, २००९चं कलम २९ दाखवा. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा, असंच ते म्हणतं.

आणि नोकरीचं आमिष दाखवू नका. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, नोकरीआधी हे सगळं पार करावं लागतं, हे प्रवेशाच्या दिवशीच सांगून टाका.