शब्दचर्चा : ‘सामान्य काळ’ या नावातला ‘सामान्य’

विचारणा अशी आहे : कॅथलिक उपासनावर्षात, म्हणजे चर्चच्या सणवारांच्या वार्षिक चक्रात, आगमन काळ, नाताळ काळ, प्रायश्चित्त काळ आणि पुनरुत्थान काळ वगळून जे दिवस उरतात, त्यांना मराठीत ‘सामान्य काळ’ म्हणतात. वर्षाच्या निम्म्याहून मोठ्या भागाला ‘सामान्य’ म्हटल्याने तो दुय्यम ठरत नाही का? त्याऐवजी ‘साधारण काळ’ किंवा ‘क्रमवाचक काळ’ म्हणणे योग्य होईल का?

माझ्या मते शब्द बदलू नये. तो खटकतो याचे कारण एवढेच की ‘सामान्य दर्जाचा’, ‘सामान्य वकुबाचा’ अशा प्रयोगांमुळे ‘सामान्य’ म्हणजे ज्यात विशेष काही नाही ते, हा एकच अर्थ आपल्या मनात पक्का बसलेला आहे. मुळात हा शब्द ‘समान’वरून आला असून अनेकांमध्ये जे सारखेपणाने असते ते सामान्य. व्याकरणात ‘नदी’ हे सामान्यनाम आणि ‘गोदावरी’ हे विशेषनाम, पण म्हणून ‘नदी’ हा शब्द हलका आहे असे कोणी म्हणत नाही. गोदावरीसकट सगळ्या नद्या त्यात येतात. वैशेषिक दर्शनात तर ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ हे दोन स्वतंत्र पदार्थच (तत्त्वांचे मूळ प्रकार) मानलेले आहेत.

हा भेद लक्षात ठेवून उपासनावर्षाचे नियम वाचले की नावाचे औचित्य ध्यानात येते. पोप सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये संमत केलेल्या आणि १९७० च्या आरंभापासून लागू झालेल्या या नियमांत म्हटले आहे की, स्वतःचे वेगळे वैशिष्ट्य असलेले काळ सोडल्यास वर्षात ३३ किंवा ३४ आठवडे उरतात आणि त्यांत ख्रिस्तरहस्याचा, म्हणजे ख्रिस्ताचे जीवन, मृत्यू आणि पुनरुत्थान यांतून प्रकटलेल्या रहस्याचा, एखादा विशिष्ट पैलू साजरा न होता ते रहस्य त्याच्या पूर्णत्वात, विशेषतः रविवारी, गौरवले जाते. आगमन काळात प्रतीक्षा, नाताळ काळात देहधारण (देवाने मानवरूप घेणे), प्रायश्चित्त काळात मनपरिवर्तन आणि पुनरुत्थान काळात मृत्यूवरचा विजय हे ‘विशेष’ झाले. या सर्वांना व्यापणारे ते ‘सामान्य’. अनुवादकांनी हा विचार करून शब्द निवडला की तो आपसूक जुळून आला, हे मी सांगू शकत नाही, पण जुळला आहे खरा.

‘क्रमवाचक’ची सूचना इंग्रजीतून आलेली दिसते. इंग्रजीतल्या ‘ऑर्डिनरी टाइम’ या नावाचा संबंध क्रमवाचक (‘ऑर्डिनल’) संख्यांशी जोडून, हे आठवडे पहिला, दुसरा, तिसरा असे मोजले जातात म्हणून ते नाव पडले, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. मात्र लॅटिन उपासनाग्रंथांत या काळाला ‘तेंपुस पेर आन्नुम’, म्हणजे वर्षभराचा काळ, एवढेच म्हटलेले आहे. त्यात क्रमाचा उल्लेखही नाही. शिवाय आठवडे मोजले जात असले तरी हा क्रम फारसा सरळ नाही. या काळात ‘पहिला रविवार’ नसतोच, कारण त्याच्या जागी सहसा प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण येतो आणि पहिला आठवडा त्यानंतरच्या सोमवारी सुरू होतो. पुढे प्रायश्चित्त काळ आला की मोजणी थांबते आणि पुनरुत्थान काळ संपवणाऱ्या पेन्टेकॉस्टच्या सणानंतर पुन्हा सुरू होताना कधीकधी एक आठवडा गाळला जातो. २०२५ मध्ये ५ मार्चच्या राखेच्या बुधवारी, म्हणजे प्रायश्चित्त काळाच्या पहिल्या दिवशी, आठवा आठवडा तुटला आणि ९ जूनच्या सोमवारी एकदम दहावा सुरू झाला, नववा आलाच नाही. असे करावे लागते, कारण ख्रिस्त राजाचा सण या काळाच्या शेवटच्या, चौतिसाव्या रविवारीच आला पाहिजे. ज्या क्रमातून आठवडा असा गळून पडू शकतो, त्यावरून काळाचे नाव ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

क्रम खऱ्या अर्थाने दिसतो तो वाचनांमध्ये, आणि या काळातले श्रद्धाजीवन समजून घ्यायचे तर तिथेच पाहावे. तीन वर्षांच्या चक्रात मत्तय, मार्क आणि लूक यांची शुभवर्तमाने (बायबलमधील येशूचरित्रे) आळीपाळीने येतात. २०२५ हे लूकचे वर्ष होते. त्या वर्षी ६ जुलै रोजी, चौदाव्या रविवारी, येशू बहात्तर शिष्यांना पुढे पाठवतो तो भाग आला. पुढच्या रविवारी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, त्याच्या पुढच्या रविवारी मार्था आणि मरिया, आणि २७ जुलै रोजी ‘प्रभो, आम्हांला प्रार्थना करायला शिकव’ ही शिष्यांची विनंती. चारही उतारे लूकच्या दहाव्या आणि अकराव्या अध्यायांतले, जवळजवळ सलग. कामाला निघणे, वाटेत जखमी माणूस दिसला की थांबणे, घरी आलेल्याचे आतिथ्य करावे की त्याचे ऐकत बसावे या पेचात पडणे आणि शेवटी प्रार्थना कशी करावी हे विचारणे, असा तो प्रवास आहे. यांपैकी एकही प्रसंग सणाचा नाही. कोणत्याही आठवड्यात कोणाच्याही वाट्याला येतील असेच ते आहेत. या दिवसांत वेदीवर दिसणारा हिरवा रंगही सणासुदीचा नव्हे, नित्याचा.

‘साधारण’ हा पर्याय अर्थाच्या दृष्टीने चुकीचा नाही, कारण संस्कृतात तोही ‘सर्वांना समान’ याच अर्थाचा आहे. पण आजच्या मराठीत ‘साधारण दहा वाजता’ म्हटले की अंदाज येतो आणि ‘प्रकृती साधारण आहे’ म्हटले की काळजी वाटते. जो दोष टाळायचा, तोच या शब्दाने अधिक गडद होईल.

एका बाबतीत मात्र काटेकोर असावे. ‘सामान्य काळातील चौदावा रविवार’ हे बरोबर आहे. तेच आखूड करून ‘चौदावा सामान्य रविवार’ असे लिहू नये. पहिल्यात ‘सामान्य’ हे काळाचे विशेषण आहे, दुसऱ्यात ते रविवाराला चिकटते. आणि रविवार, मग तो कोणत्याही काळातला असो, याच नियमांनुसार मूळचा सण आहे.