वीस गायींमागे एक माप लोणी

प्रश्न : मुलगी स्कॉटलंडमध्ये नोकरीला आहे. मे महिन्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा अगदी उत्तरेला डॉर्नोकचं जुनं कथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, पाहिलं. परत आल्यावर हौस म्हणून केथनेस धर्मप्रांताच्या जुन्या बिशपांची यादी वहीत उतरवली. अँड्र्यू डनफर्मलिनच्या मठातला, अ‍ॅडम मेलरोजचा, गिल्बर्ट मोरे नावाच्या प्रांताकडचा. स्थानिक माणूस एकही मिळू नये? आणि स्कूनच्या निकोलसच्या नावापुढे नुसतं ‘निर्वाचित’ असं का लिहितात?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तुम्ही यादी स्वतःच्या हाताने उतरवलीत, याचं मला भारी कौतुक वाटलं. वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो, तेव्हा उपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारून लांबट, कडा झिजलेली वही काढली. त्यात आजोबांची मोडीतली सही निघाली. थोरल्या काकांचं नाव मात्र कुठेच नाही. का, तर ते कधी नाशिकला आलेच नाहीत! जो आला त्याची नोंद. तेव्हापासून कुठलीही नामावळी हातात आली, की हिच्यात नाव लागायला काय करावं लागत होतं, हे मी आधी बघते.

केथनेसच्या यादीत नाव पक्कं व्हायचं तर बऱ्याच पायऱ्या होत्या. कथीड्रलच्या धर्मगुरूंचं मंडळ निवड करी, राजाची मर्जी सांभाळावी लागे, मग पोपची मान्यता आणि शेवटी दीक्षा. निवड झाली पण पुढचं राहिलं, तो ‘निर्वाचित’. स्कॉटलंडला १४७२ पर्यंत स्वतःचा आर्चबिशप, म्हणजे बिशपांवरचा वरिष्ठ, नव्हता. यॉर्कचा इंग्लिश आर्चबिशप हक्क सांगायचा आणि स्कॉटिश मंडळी त्याला दाद देत नसत. ११९२ मध्ये पोप सेलेस्टीन तिसरा याने निकाल दिला, की स्कॉटिश चर्च ही रोमची ‘विशेष कन्या’, मधे कोणी नाही. त्या पत्रात नऊ धर्मप्रांतांची नावं आहेत आणि त्यांत केथनेस आहे. लेक कौतुकाची खरी, पण प्रत्येक कागद रोमला! तुमचा निकोलस स्कूनच्या मठाचा प्रमुख. १२७३ मध्ये निवडून आला, पोपने नाकारला. पुढच्या वर्षी आर्चिबाल्ड बिशप झाला.

आता बाहेरच्या माणसांचं. केथनेसचा अर्ल, म्हणजे तिथला मोठा सरदार, हाच ऑर्कनी बेटांचाही अर्ल. बेटांसाठी तो नॉर्वेच्या राजाचा मांडलिक, केथनेससाठी स्कॉटलंडच्या राजाचा. लोक नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडची जुनी भाषा, बोलणारे. दक्षिणेतल्या राजाला तिथे आपलं माणूस हवं होतं, आणि बिशपइतकं सोयीचं माणूस दुसरं कोण? म्हणून दक्षिणेतल्या मठांतले साधू तिकडे जाऊन बसले. गावकऱ्यांना ते कसे वाटले असतील, ते पुढच्या दोघांवरून कळतं.

अँड्र्यू ११८४ मध्ये वारला. त्याच्यामागून आलेल्या जॉनने, केथनेसमधून घरटी एक पेनी रोमला जायची, तिला अडथळा केला. पोपने त्याला तंबी दिली, अर्ल हॅराल्डशीही बिनसलं. १२०१ मध्ये अर्लच्या लोकांनी स्क्रॅबस्टरला त्याला धरून त्याची जीभ छाटली. जीभ छाटणाऱ्याला पोप इनोसंट तिसरा याने प्रायश्चित्त ठरवून दिलं : जीभ बाहेर काढून दोरीने गळ्याशी बांधायची आणि पंधरा दिवस स्वतःच्या मुलखात अनवाणी फिरायचं.

मग मेलरोजचा अ‍ॅडम, निवड १२१३ ची. याने लोण्याला हात घातला. ऑर्कनीच्या जुन्या कथेत हिशेब दिलाय. पूर्वापार वीस गायींमागे एक माप लोणी बिशपला. अ‍ॅडमने पंधरा गायींमागे एक केलं, मग बारा, मग दहा. साठ गायींचं गाव धरा. आधी तीन मापं, मग चार, पाच, सहा. गायी तेवढ्याच!

सिन्नरकडे माझ्या मामांचा आठ गायींचा गोठा होता. पहाटे मामी खांबाला रवी बांधून ताक घुसळायची. उन्हाळ्यात लोणी लवकर जमायचं नाही, मग ती गार पाण्याचा हबका मारायची. एवढ्या खटाटोपातून पेरूएवढा गोळा हाती यायचा आणि आम्ही पोरं बोट लावायला टपलेलो. तो दुप्पट द्या म्हणणारा कोणी दारात आला असता, तर मामीने काय केलं असतं, याची मला कल्पना आहे. बिशपला जाळणं काही मी योग्य म्हणत नाही. पण १२२२ च्या सप्टेंबरात बिशप राहायचा त्या हालकर्कला शेतकरी जमले, तेव्हाचा अर्ल जवळच असून मधे पडला नाही, आणि अ‍ॅडमला त्याच्याच स्वयंपाकघरात जाळून मारलं. राजा अलेक्झांडर दुसरा फौज घेऊन आला. ऐंशी जणांचे हात तोडले, असं ती कथा सांगते.

गिल्बर्ट शहाणा निघाला. हालकर्क सोडून त्याने दक्षिणेला सदरलंडात, डॉर्नोकला कथीड्रल बांधलं, तेच तुम्ही पाहिलंत. त्याचं घराणं तिथे वजनदार होतं, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच्यापाशी आहे. १२४५ मध्ये तो आपल्या मरणाने गेला. आधीच्या दोघांचं वाचल्यावर ही नोंद मला महत्त्वाची वाटते. लोकांनी पुढे त्याला संत मानलं.

प्रश्न : एकाच गादीवर एकाच वेळी दोन बिशप, असं झालंय का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : झालंय, स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूज धर्मप्रांतात. ११७८ मध्ये धर्मगुरूंच्या मंडळाने जॉनला निवडलं. राजा विल्यमने संतापून आपला खासगी धर्मगुरू ह्यू याला बसवलं. पोपने जॉनची बाजू घेतली, राजाने जॉनला देशाबाहेर काढलं. ११८१ मध्ये राजा बहिष्कृत झाला, राज्यातल्या धर्मविधींवर बंदी आली. त्याच वर्षी पोप वारला. नव्या पोपने बंदी उठवली, राजाला सन्मान म्हणून सोन्याचा गुलाब पाठवला. ११८३ मध्ये दोघांनाही राजीनामा द्यायला लावून तोड काढली : ह्यू सेंट अँड्र्यूजला, जॉन डंकेल्ड या दुसऱ्या धर्मप्रांतात. ह्यू ११८८ मध्ये रोमला गेला असताना तिकडेच वारला. जॉन डंकेल्डला १२०३ पर्यंत होता.