एक रुपयाचा मुहूर्त

"मॅडम, कार्डाच्या स्टेटमेंटवर भलत्याच कंपनीचं नाव येतंय. रक्कम लहान आहे, पण दर महिन्याला जातेय. कुणाचं काम असेल हे?"

मी बँकेत नाही, जळगावात कौटुंबिक समुपदेशन करते. तरीही हा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण पैसे कुठे गेले हे लोक बँकेला विचारतात आणि कुणी घेतले हे घरात.

भुसावळचे अप्पा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) रेल्वेतून निवृत्त झालेले. काकूंनी त्यांना जवळजवळ ओढतच आणलं होतं. यंदा कानबाईच्या रोटांना, म्हणजे भाऊबंदांनी मिळून करायच्या देवीच्या सणाला, अप्पांनी पुण्याच्या सूनबाईला बोलावलंच नाही, ही काकूंची तक्रार. सारे भाऊबंद जमले आणि घरची सूनच नाही! खान्देशात ही गोष्ट किती लांबवर ऐकू जाते ते सांगायला नको.

अप्पा बराच वेळ गप्प होते. मग खिशातून चौघडी केलेले कागद काढले. १९९ रुपयांच्या ११ नोंदी, प्रत्येकीखाली लाल रेघ. एकूण २,१८९ रुपये. पहिली नोंद गेल्या दिवाळीतली, आणि त्याच दिवाळीत सूनबाईनं परतीचं तिकीट अप्पांच्या कार्डावरून काढलेलं. अप्पांच्या मनातला खटला तिथेच निकाली निघाला होता. तिला एका शब्दानं विचारलं मात्र नव्हतं.

मी रेघा सोडून बाकीच्या ओळी वाचत गेले. पहिल्या १९९ च्या तीन दिवस आधी त्याच नावावर १ रुपया गेला होता. त्याच्याखाली रेघ नव्हती. रुपयासाठी कोण रेघ मारतं? तारीख लक्ष्मीपूजनाची.

"त्या दिवशी मोबाइलवर काय पाहिलं होतं, अप्पा?"

काकूच म्हणाल्या, "मुहूर्त."

पंचांगाचं अ‍ॅप, पहिले तीन दिवस फक्त १ रुपया. कार्डाचा नंबर अप्पांनी घातला, ओटीपीही त्यांनीच. "पण पूजा झाल्यावर मी ते काढून टाकलं होतं! मले काय माहीत, ते मागून पैसे खातंय?"

इथेच बहुतेकांची फसगत होते. अ‍ॅप फोनवरून काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये किंवा बँकेच्या ऑटो-पेच्या (आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांच्या) यादीत जाऊन वेगळी रद्द करावी लागते. शिवाय स्टेटमेंटवर अ‍ॅपचं नाव असेलच असं नाही, अनेकदा त्यामागच्या कंपनीचं असतं. ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानुसार असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवावं लागतं. अप्पांच्या फोनमध्ये ते संदेश होते, अकराच्या अकरा. इंग्रजीत, कर्जाच्या जाहिरातींच्या मध्ये.

वर्गणी पाच मिनिटांत रद्द झाली. गेलेले पैसे परत आले नाहीत. मात्र अप्पा ज्या तऱ्हेनं खाली बघू लागले, ते मला परवडणारं नव्हतं. सूनबाईवरचा राग आता स्वतःवर उलटत होता. म्हणून त्यांना सांगितलं, की आत शिरणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड करून ठेवणाऱ्या या युक्तीला सरकारनं २०२३ साली 'डार्क पॅटर्न'च्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांच्या, यादीत घातलंय. भल्याभल्यांना अडकवायलाच ती रचलेली असते.

कागद घडी घालताना काकूंनी विचारलं, "आणि हा कालचा संदेश?" साडेआठशेच्या आसपास, परदेशी नाव. हा मात्र कुणाचाच निघेना. ना ओटीपी, ना ईमेल, ना वर्गणीच्या यादीत काही. माझ्यासमोरच बँकेला फोन लावायला सांगितलं, तोही कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर; इंटरनेटवर शोधलेल्या 'कस्टमर केअर'मध्ये ठगच जास्त भेटतात. कार्ड बंद केलं, तक्रार क्रमांक लिहून घेतला. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा व्यवहाराची खबर तीन कामाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम. अप्पा दुसऱ्याच दिवशी आले होते. लाल रेघा मारत बसले असते तर मुदत टळली असती. (बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. उघड फसवणूक असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.) नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंद करून घेतले.

ती रक्कम आठवड्याभरात खात्यात जमा झाली. सूनबाईचं प्रकरण इतक्या लवकर मिटलं नाही. "तिला फोन करून सांगा," असं मी दोनदा म्हटलं. अप्पा दोन्ही वेळा "पाहू" म्हणाले. सासऱ्यानं सुनेची माफी मागायची रीत त्यांना कुणी शिकवलेली नव्हती.

थंडी पडल्यावर काकूंचा फोन आला. अप्पांनी पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर भरताची वांगी पाठवली होती, पाच किलो. पिशवीवर मुलाचं नाही, सूनबाईचं नाव घातलं होतं.