पिशवीतली लघवी

"लघवी होत नाही, तर लघवीचं इंजेक्शन का देत नाहीत?" आयसीयूबाहेरच्या बाकांवर हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो. पुण्यातल्या एका रुग्णालयात मी नातेवाइकांशी बोलायचं काम करते. (ओळख पटू नये म्हणून खालचे तपशील बदलले आहेत.)

सासवडकडच्या एका शेतकऱ्याची आई, वजन साठ किलोच्या आसपास. लघवीच्या इन्फेक्शनचं सेप्सिस झालं, म्हणजे त्याचा परिणाम सगळ्या शरीरावर झाला, बीपी घसरलं, किडनीने काम कमी केलं. मुलगा भेटीच्या वेळी पिशवीला जोडलेल्या, खुणा असलेल्या प्लॅस्टिकच्या डबीचा फोटो काढायचा आणि भावकीच्या ग्रुपवर टाकायचा. तासाला पंधरा मिली, मग दहा. किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे तीस तरी हवी होती. गावाकडच्या कुणीतरी सांगितलं, लॅसिक्स, म्हणजे तेच लघवीचं इंजेक्शन, द्यायला लावा.

"दादा, लॅसिक्सने किडनी बरी होत नाही," मी म्हटलं. "ते किडनीला मीठ-पाणी बाहेर सोडायला लावतं, इतकंच. आत्ता आईंच्या रक्तवाहिन्या सैल पडल्यात, बीपी औषधावर टिकवलंय. त्यात पाणी काढलं तर किडनीला रक्त आणखी कमी पोचेल."

तो जरा वेळ गप्प बसला. "म्हंजे हिरीत पाणी नसताना मोटार चालवल्यागत."

इतकी नेमकी उपमा मला सुचली नव्हती. तेव्हापासून मी ती सर्रास वापरते.

पण तिसऱ्या दिवशी तो तणतणत आला. डॉक्टरांनी लॅसिक्स सुरू केलं होतं. "त्या दिवशी नको, आज कसं चालतं?" चूक माझी होती. 'लॅसिक्स नको' एवढंच त्याच्या लक्षात राहिलं; 'आत्ता नको' हे मी ठसवलंच नव्हतं. सुरुवातीला बीपीसाठी भरपूर सलाईन द्यावं लागलं होतं. आता बीपी सावरलं, पण ते पाणी अंगात साठलं होतं. पायावर बोट दाबलं की खळगा पडत होता, फुप्फुसात पाणी उतरलं होतं, ऑक्सिजन वाढवावा लागला होता. किडनीच्या जागतिक मार्गदर्शक सूचना, केडिगोच्या, 2012 पासून हेच सांगतात: किडनीचा झटका बरा करायला लघवीचं औषध देऊ नका, साठलेलं पाणी काढायला द्या.

शिवाय त्या डोसमधून अंदाजही येतो. दोन तासांत दोनशे मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर किडनीचा त्रास वाढण्याची शक्यता जास्त. आईंना नव्वद झाली. डायलिसिसची सही घेताना मुलाचा हात थांबला. "एकदा लावलं की कायमचं ना?" हे मात्र मी गोड करून सांगत नाही. अशा अचानक बंद पडलेल्या किडन्यांपैकी पुष्कळ पुन्हा चालू होतात आणि डायलिसिस सुटतं. काहींचं सुटत नाही, आधीच किडनी अधू असेल तर जास्तच. कोणाचं काय होईल हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. त्याने सही केली.

तीन डायलिसिस झाले. एका सकाळी डबीत तासाची चाळीस मिली दिसली. फोटो काढायच्या आधी तो सिस्टरांकडे वळला.

"लॅसिक्स चालू हाय का अजून?"

"नाही, काल दुपारीच बंद केलं."

मग त्याने मोबाईल काढला.