ट्रेनिंग देऊनही नवी मुलं मशीनवर अडतात. मग कामगार खरं काम शिकतो कुठे?

तुम्ही लिहिलंय की कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या युनिटमध्ये नव्या मुलांना १५ दिवस वर्गात शिकवता, परीक्षाही घेता, तरी मशीनसमोर उभी राहिली की अडतात. मी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात पॅनवर २६ हंगाम काढले. तिथलं सांगतो.

पॅनमध्ये पाक व्हॅक्यूमखाली उकळून साखरेचा दाणा वाढवतात. तापमान, ब्रिक्स (पाकात विरघळलेल्या साखर वगैरे घन पदार्थांचं प्रमाण), व्हॅक्यूम सगळं मी पाठ करून आलो होतो. पहिल्याच हंगामात रात्रपाळीला पाक जास्त घट्ट होऊ दिला आणि फॉल्स ग्रेन आला, म्हणजे मोठ्या दाण्यांमध्ये नको असलेला बारीक दाणा सुटला. तो तसाच खाली गेला तर सेंट्रीफ्युगलमध्ये, म्हणजे गरगर फिरवून साखरेपासून मळी वेगळी करणाऱ्या यंत्रात, मळी नीट निथळत नाही. मी घाबरून गेजकडे बघत उभा. आमचे जुने पॅनमन, ज्यांना सगळे तात्या म्हणायचे, त्यांनी काचेवर नमुना घेतला, दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "गेज काय बघतुयास? काच बघ." मग बेताबेतानं पाणी घेऊन बारीक दाणा विरघळवायचा आणि मोठा जपायचा, हे त्यांनी माझ्याच हातून करून घेतलं. व्हॉल्व्हला स्वतः हात लावला नाही. चिमटीत पाकाची तार ओढून बघायलाही मी तेव्हाच शिकलो.

ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांचा अभ्यास केला होता. १९९६ साली तो पुस्तकरूपानं आला. मॅन्युअल हाताशी असूनही अवघड बिघाड ही माणसं एकमेकांना किस्से सांगत सोडवायची. ते वाचताना मला आमची पाळी बदलायची वेळ आठवली. आधीचा पॅनमन १०-१५ मिनिटं थांबायचा. "तीन नंबरला स्टीम कमी पडतंय, रात्री दाणा असा वागला," असं सगळं बोलणं व्हायचं आणि नवी पोरं शेजारी उभी राहून ऐकायची. एका वर्षी कामगारांच्या गाडीची वेळ अलीकडे आली आणि ते थांबणं बंद झालं. त्या हंगामात एकच चूक तिन्ही पाळ्यांत झालेली मी पाहिली. कुणी कुणाला सांगितलीच नव्हती.

म्हणून पाळीच्या त्या १५ मिनिटांचे पैसे द्या. चूक कबूल करणाऱ्याला लगेच मेमो दिलात तर पुढची चूक तुमच्यापर्यंत येणारच नाही, आणि शेजारच्या पोरापर्यंतही नाही.

मात्र जुन्या माणसाकडून वाईट सवयीही उचलल्या जातात. गार्ड काढून मशीन चालवणं, मशीन बंद न करता हात घालणं, हे असंच बघून बघून शिकलं जातं. सुरक्षेसाठी तुमचा वर्ग हवाच, तो कमी करू नका. जुन्या माणसांनाही त्यात बसवा.

आणि मुलाला जोडीला देताना सगळ्यात हुशार कारागीर शोधू नका. मुलाच्या हातात काम देऊन स्वतः मागे उभा राहणारा शोधा. असा माणूस तुमच्या प्रत्येक पाळीत एखादा तरी असेल. नव्या पोरांनाच विचारा, अडल्यावर ती कुणाकडे जातात.